निर्लेखनाआधी शाळेचे दप्तर वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातील खेडोपाडी जिल्हा परिषद शाळांच्या जुन्या कौलारू खोल्यांचे निर्लेखन (वापरातून बाद ठरवून पाडणे) होऊन तेथे स्लॅबच्या खोल्या उभ्या राहत आहेत. गळक्या खोलीत मुले बसवू नयेत हे योग्यच आहे. परंतु खोली पाडताना तिच्यातील लाकडी कपाटातले दप्तर, म्हणजे शाळेची जुनी कागदपत्रे, कोठे जाते, याची विचारपूस सहसा होत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

यातील पुष्कळ शाळा जिल्हा परिषदेहून जुन्या आहेत. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ रोजी. त्यापूर्वी, १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर, शाळांचा कारभार लोकल बोर्डाच्या स्कूल बोर्डाकडे होता, आणि त्याही आधी कित्येक गावांत वर्ग मारुतीच्या देवळात नाहीतर चावडीत भरत. या साऱ्या बदलांतून गावाजवळ सलग उरले ते जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही.

निफाड तालुक्यातील आमच्या गावच्या शाळेचे असे रजिस्टर सेवेत असताना माझ्या ताब्यात होते. त्यात जन्मतारखेच्या रकान्यात ओळीने १ जून आढळतो, कारण घरी जन्माची नोंद नसे आणि मूल वयात बसावे म्हणून गुरुजी तीच तारीख घालत. शाळा सोडल्याच्या कारणात मुलींपुढे ‘घरकाम’, मुलांपुढे ‘गुरे राखणे’, आणि १९७२ च्या दुष्काळात एकामागून एक नावांपुढे ‘परगावी गेल्याने’ असे शेरे आहेत. कोणत्या वस्तीतील पहिली मुलगी कधी दाखल झाली आणि ती कोणत्या इयत्तेपर्यंत टिकली, हे सांगणारा दुसरा कागद गावात नाही.

२०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधताना हीच रजिस्टरे गावोगाव बाहेर काढली गेली, मोडी जाणणाऱ्यांना बोलावणी आली. तेव्हा पाहिला गेला तो केवळ जातीचा रकाना. उरलेल्या रकान्यांत गावाच्या शिक्षणाचा सगळा इतिहास आहे आणि तो अजून कोणी लिहिलेला नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या पावसाळी हवेत तर वाळवी आणि ओल त्यासाठी थांबणार नाहीत.

माझी विनंती अशी की, निर्लेखनाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत दप्तराची यादी मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या सहीने जोडणे बंधनकारक करावे, आणि जनरल रजिस्टर, शेरेबुक (तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची वही) व जुनी हजेरीपत्रके स्कॅन करून एक प्रत तालुक्याच्या शिक्षण विभागात ठेवावी. त्यांत लोकांची खासगी माहिती असल्याने मूळ कागद मात्र मुख्याध्यापकांच्याच ताब्यात राहावेत. जुने हस्ताक्षर लावून वाचणे आणि सूची करणे हे काम माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामोबदला करावयास तयार आहेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
निफाड, जि. नाशिक