अण्णांच्या कॅप्सूल

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दिग्या,

आपल्या मेसवाल्या अण्णांनी पचनाच्या कॅप्सूल सोडल्यात. बारा दिवस झाले. तुला ते सांगणार नाहीत, मलाही सूनबाईंकडून कळलं. तुझे दोन फोन मी उचलले नाहीत ते यामुळेच. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, आणि फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

झालं असं, की नातीनं खोक्यातला कागद वाचून दाखवला. कॅप्सूलमधलं पॅन्क्रिएटिन, म्हणजे पचनाची एन्झाइमं, डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात, हे त्यात लिहिलेलं असतं. अण्णांच्या गळ्यात चाळीस वर्षं तुळशीची माळ आहे. मी पहिल्या दिवशी डोस, वेळ, कुठं ठेवायचं, सगळं अर्धा तास समजावलं आणि नेमकं हेच सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. नको म्हणतील या भीतीनं गाळलं. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही, नुसतं खोकं बांधून माळ्यावर ठेवलं. मेसमध्ये कुणी उधारी बुडवली की ते असेच गप्प व्हायचे, आठवतं?

रागावू नकोस, पण आधी तातडीचं. कॅप्सूल बंद आहेत आणि रात्रीचं इन्सुलिन मात्र 12 युनिट चालूच आहे. अन्न अंगी लागत नाही आणि इन्सुलिन तेवढंच, म्हणजे साखर उतरणार. शिवाय स्वादुपिंडच वाळलेलं असल्यामुळे साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही नीट सुटत नाही, म्हणून उतरली की झपकन उतरते आणि लवकर सावरत नाही. उद्याच उपाशीपोटीची साखर बघ आणि 10 युनिटवर आण. खिशात ग्लुकोज पावडर असू दे. बिस्किटावर भागवू नको, त्यातला स्टार्च पचायला अमायलेज लागतं आणि तेच त्यांच्याकडे कमी आहे. पुढं कॅप्सूल परत सुरू झाल्या तर उलट होईल, अन्न अंगी लागून साखर वाढेल. तेव्हा 'एन्झाइमनं डायबेटीस बिघडला' असं म्हणून ते पुन्हा थांबवतील, म्हणून आधीच बजावून ठेव.

तू अण्णांना वर्षभर दिलेल्या त्या पाचक सिरपवरून मी जास्त बोललो, मान्य. पण मुद्दा सोडत नाही. त्या बाटलीत फंगल डायस्टेस आणि पपेन. एक पीठ फोडतं, दुसरं प्रथिनं. अण्णांचं अडलंय तेलातुपाशी, आणि ते फोडणारं लायपेज त्या बाटलीत नाहीच. वर्षभर काय, दहा वर्षं दिलं असतंस तरी वजन आलं नसतं. आणि तुझं ते 'देऊन बघू, फरक पडला तर रोग आहे' हे भांडण फायनल इयरपासूनचं आहे, त्यात मी अजून हरलेलो नाही. बरं वाटणं हे निदान नव्हे. नुसता पोटात गॅस होणाऱ्यालाही आठवडाभर बरं वाटतं. आणि खऱ्या रोग्याला डोस अपुरा पडला किंवा वेळ चुकली तर काहीच वाटत नाही.

निदान अवघड का गेलं तेही लिहितो, कारण तुझ्याकडे असे आणखी येतील. माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही, म्हणून स्वादुपिंडाचा विचारच कुणी केला नाही. पण आपल्याकडे दारूशिवायचा, खड्यांचा क्रॉनिक पॅन्क्रिआटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज, पुष्कळ आहे. केरळात डॉ. गीवर्गीस यांनी असे रुग्ण कधीच नोंदवून ठेवलेत. दुसरं, तू विचारलंस तेव्हा शौच साधी होती, कारण तोवर त्यांनी तेल आपणहून सोडलं होतं. सूनबाईंना मागचं विचारलं तेव्हा म्हणाल्या, दोन बादल्या ओतल्या तरी भांड्याला चिकटून राहायचं आणि पाण्यावर तवंग यायचा. तवंग! आपल्या ताटात रश्शावर दोन बोटं तवंग सोडणारा माणूस, स्वतः कोरडी भाकरी आणि ताक घेत होता. लायपेज साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय हा तवंग दिसत नाही, म्हणजे दिसतो तोवर फार उशीर झालेला असतो.

शौचातल्या इलास्टेजचा, म्हणजे स्वादुपिंडातून येणाऱ्या एन्झाइमचा, पहिला रिपोर्ट 61 आला होता, तो मी फेकला. नमुना पाण्यासारखा पातळ होता, त्यात आकडा खोटा कमी येतो. बांधून झालेल्या शौचाचा नमुना पुन्हा पाठवला, 38 आला. 200च्या वर ठीक, 100च्या खाली जवळपास नक्की, मधलं सगळं संशयाचं. या तपासणीसाठी कॅप्सूल थांबवाव्या लागत नाहीत, ती माणसाचंच इलास्टेज मोजते, कॅप्सूलमधलं डुकराचं नाही. सीटीत स्वादुपिंडाच्या नळीत खडे, ग्रंथी वाळलेली, गाठ नाही. उतारवयात वजन घटतंय आणि साखर नव्यानं लागली असेल, तर गाठ नाही हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही.

तुझा जावई पुण्यात बदलून येतोय म्हणे, छान झालं. आईंच्या दुसऱ्या डोळ्याचं झालं का? माझा गुडघा आहे तसाच, सोड.

आता काम. येत्या रविवारी तू अण्णांकडे जा, आणि जेवायच्या वेळी जा. माझी बाजू मांडू नकोस. त्यानं लपवलं, चुकलं, असंच सांग. मग खरं सांग, की याला खात्रीचा शाकाहारी पर्याय नाही. जो शाकाहारी म्हणून विकतात तो तुझ्या सिरपचा भाऊ. घ्यायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. दिंडीतल्या महाराजांना विचारायचं असेल तर विचारू दे, मी महाराजांशी बोलायला तयार आहे.

हो म्हणाले तर: 25 हजार लायपेज युनिटांच्या दोन कॅप्सूल मोठ्या जेवणाला, एक पहिल्या घासाबरोबर, दुसरी निम्मं जेवण झाल्यावर. चहाबरोबर चिवडा किंवा वारीत मिळेल तो फराळ, त्याला एक. नुसत्या कोऱ्या चहाला नको. जेवणाआधी नाही, हात धुतल्यावर तर नाहीच, अन्न पुढं निघून जातं आणि औषध मागं राहतं. चावायची नाही, तोंड येतं. गिळवत नसेल तर उघडून दाणे फळाच्या गार, आंबटसर गरात मिसळून लगेच गिळायचे, दुधात किंवा गरम आमटीत नाही, वरचं आवरण तिथंच विरघळतं. वजन 46 किलो, म्हणजे एका जेवणाला कमाल 1 लाख 15 हजार युनिट. आपण 50 हजारांवर आहोत, वाढवायला जागा आहे. महिनाभरात फरक नाही पडला तर आधी वेळा तपास, मग डोस वाढव, मग सकाळी पीपीआय, म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, जोड. बायकार्बोनेट कमी असल्यामुळे आतडं आंबट राहतं आणि दाणे उघडतच नाहीत. त्यानंतरही नाही तर आतड्यात जंतू माजलेत का ते बघू. आणि तेल बंद करू नकोस! तेल खाऊन ते पचवायला हवं, म्हणून तर हा खटाटोप. डी व्हिटॅमिन 9 होतं, ते चालूच ठेव, ए, ई, के आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी राहिलीय.

नाही म्हणाले तर भांडू नकोस. थोडं थोडं सहा वेळा खाणं, पचायला सोपं एमसीटी तेल, व्हिटॅमिनं, दर पंधरा दिवसांनी वजन, एवढं तुझ्याकडे. वजन फारसं येणार नाही, तेही त्यांना सांग.

वारीच्या प्रस्थानाला तीन आठवडे राहिलेत आणि ते चालणारच. कॅप्सूल घेणार असले तर मोठी बाटली पिशवीत तापू देऊ नकोस, 25 अंशांच्या वर लायपेज मरत जातं. तीन दिवसांपुरत्याच बरोबर दे, बाकीच्या दिंडीच्या ट्रकमध्ये सावलीला.

जेवायला बसलास की बघ, ताटात तेल घेतात का.

तुझा,
बाळ्या