त्या स्क्रीनशॉटचं उत्तर

मित्रा,

मंगळवारी रात्री पावणेबाराला तू पाठवलेला डेटिंग अॅपचा स्क्रीनशॉट अजून डोळ्यासमोरून जात नाहीये. मधोमध तुझा तो जुना फोटो आणि खाली ओळ, की तुमच्या आसपास आता नवीन कोणी नाही. त्याखाली तू एवढंच लिहिलंस, "संपलं रे." मी अंगठा पाठवला आणि झोपलो, आणि ते मला दुसऱ्या दिवशी दिवसभर टोचत राहिलं. म्हणून हे लांबलचक लिहितोय, कारण फोनवर तू "चालायचंच" म्हणतोस आणि विषय बदलतोस.

पहिली गोष्ट, ते तुझ्यामुळे संपलेलं नाही. मी इथे उपनगरात राहायला आलो त्याला आता चार वर्षं झाली, आणि पहिल्या पंधरा दिवसांत माझंही अॅप असंच संपलं होतं. उपनगराचं गणितच तसं असतं रे. इथे लोक येतात तेच मुळी जोडीने, घर मोठं हवं, मुलांना शाळा जवळ हवी म्हणून, आणि एकटी माणसं कामासाठी शहरात राहतात. म्हणजे आपल्या वयाचे, एकटे आणि त्यातही अॅपवर असलेले किती उरणार? मूठभर. टिंडर हे डेटिंग अॅप 2012 मध्ये आलं आणि मग बोट डावीकडे म्हणजे नको, उजवीकडे म्हणजे हवं, हा खेळ सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय, पण तो खेळ गर्दीसाठी आहे. गर्दीत एकाला नाही म्हटलं तर मागे हजार उभे असतात. इथे मागे कोणी नसतं.

मग तू जे केलंस तेच मीही केलं, किती लांबपर्यंतचे लोक दिसावेत ती अंतराची पट्टी ओढून 40 किलोमीटरवर नेली. मॅच मिळाले, म्हणजे दोन्हीकडून पसंती झाली, गप्पा पण छान झाल्या, आणि मग कळलं की भेटायला जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. दोनदा जातो माणूस, तिसऱ्यांदा दोघांपैकी एकजण म्हणतो "या आठवड्यात जमत नाहीये" आणि तिथेच ते विरतं. आता सिरीयस नातं असेल तर लोक समुद्र ओलांडून पण टिकवतात, पण तुला सध्या जे हवंय, हलकंफुलकं, कोणाबरोबर तरी संध्याकाळ छान जावी एवढंच, ते अंतर सहन करत नाही. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर "अर्धा तास भेटायचं का" असं विचारता आलं पाहिजे. माझं ऐकशील तर पट्टी परत 15 वर आण आणि एक साधी गोष्ट कर, ज्या दिवशी कामाला शहरात जातोस त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत अॅप उघड. फोन जिथे असतो तिथून अंतर मोजलं जातं, त्यामुळे तुला ऑफिसच्या आसपासचे लोक दिसतील आणि त्यातले कितीतरी संध्याकाळी आपल्याच बाजूला घरी येणारे असतात. मला हे वर्षभर सुचलं नव्हतं.

आणि ते प्रोफाइल बदल बाबा. लग्नाच्या आधीचा फोटो काढून टाक, आत्ताचा टाक, चष्म्यासकट. बायोमध्ये "प्रवास, संगीत, चांगली माणसं" लिहिलंयस ते कोणीही लिहितं. तू जुने रेडिओ उघडून दुरुस्त करत बसतोस हे लिही की, त्यावर कोणीतरी काहीतरी विचारू तरी शकेल. घटस्फोट झालाय हे लपवू नकोस, एका ओळीत लिही आणि पुढे जा. घराची बिल्डिंग किंवा गाडीचा नंबर दिसेल असा फोटो टाकू नकोस. ऑफिसमधल्यांनी बघू नये असं वाटत असेल तर फोनमधले काँटॅक्ट ब्लॉक करायची सोय टिंडरमध्येच आहे, ती वापर, त्यात लाज कसली.

अॅपचं एवढं पुरे. मी हे वाईट म्हणून सांगत नाहीये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मायकेल रोझेनफेल्ड या समाजशास्त्रज्ञांचा 2019 चा अभ्यास आहे, अमेरिकेत 2017 मध्ये जुळलेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांपैकी साधारण 39 टक्के ऑनलाइन भेटलेले होते, म्हणजे ते दार खरंच उघडं आहे. पण उरलेले बाकीच्या दारांनी आले ना, आणि आपल्यासारख्या ठिकाणी तीच दारं मोठी आहेत असं माझं चार वर्षांनंतरचं ठाम मत आहे.

तुला एक जुना अभ्यास सांगतो जो मला फार आवडतो. लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे दोन सहकारी, यांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठामधल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत बघितलं की कोणाची कोणाशी मैत्री होते, 1950 मध्ये ते छापून आलं. शेजारच्या दारातल्याशी घट्ट मैत्री झालेले 41 टक्के, आणि त्याच मजल्यावर पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याशी फक्त 10 टक्के. अरे, मधे अंतर किती, चार दारं! आणि जे जिन्यापाशी आणि पत्रपेट्यांपाशी राहत होते त्यांच्या ओळखी दुसऱ्या मजल्यावर पण जास्त, कारण येता-जाता सगळे त्यांच्यासमोरून जायचे. स्वभाव-बिभाव नंतर, आधी पावलं कुठे एकमेकांना आडवी जातात ते. आता तुझा दिवस बघ. दार, लिफ्ट, पार्किंग, गाडी, ऑफिस, आणि परत तसंच उलट. तुझ्या दिवसात जिना नाही आणि पत्रपेटी पण नाही. तू सांगतोस तिथले लोक थंड आहेत. थंड नाहीत रे, ते तुला दिसतच नाहीत आणि तू त्यांना.

म्हणून तुला एक तरी जिना शोधावा लागेल. माझा जिना बॅडमिंटन कोर्ट होता. रविवारी सकाळी सातला सार्वजनिक हॉल उघडतो हे कळलं म्हणून गेलो, एकही ओळखीचा नाही. कोपऱ्यातल्या बाकावर बसून बुटांची लेस बांधली, सोडली, परत बांधली, पाऊण तास लोकांचा खेळ बघितला आणि घरी आलो. पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी पण. मनात म्हणत होतो की आता बास, आणि चौथ्या रविवारी पलीकडच्या कोर्टवरून एक पांढऱ्या केसांचे काका हातातल्या शटलचं तुटलेलं पीस उपटत ओरडले, "ओ, रोज बसता ना तुम्ही तिथे? या, चौथा लागतोय." रोज! मी आयुष्यात तीनदा गेलो होतो, आणि त्यांच्या लेखी मी रोजचा झालो होतो. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी 1968 मध्ये हेच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा नजरेसमोर आली तरी ती आवडायला लागते, काही बोलावं लागत नाही, काही सिद्ध करावं लागत नाही. तेव्हा वेगवेगळ्या पाच ठिकाणी एकेकदा जाऊ नकोस. एकाच ठिकाणी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, सहा आठवडे जा. लायब्ररी, पोहण्याचा तलाव, सकाळचा धावणाऱ्यांचा ग्रुप, नाटकाची हौशी मंडळी, काहीही चालेल, फक्त तिथे हाताला काहीतरी काम असावं म्हणजे गप्पांचं ओझं येत नाही. आणि मुली भेटतील म्हणून जाऊ नकोस, ते लोकांना पहिल्या दिवशी कळतं आणि त्यांना त्याचा त्रास होतो. तिथे कोणी खेळायला आलेलं असतं तर त्याला खेळू द्यावं. ओळख वाढली, समोरूनही बोलणं सुरू झालं, तर एकदा साधं विचार, "कधी कॉफीला भेटायचं का?" आणि नाही म्हणाली तर तो विषय तिथे कायमचा बंद, पुढच्या रविवारी नेहमीसारखं "सर्व्हिस तुमची" म्हणायचं. तिची ती जागा तुझ्यामुळे अवघड होता कामा नये.

बरं, माझ्या बाबतीत तर कोर्टवरचं कोणीच नव्हतं. त्या काकांच्या पुतणीने ट्रेकसाठी एक जागा रिकामी आहे म्हणून काकांना विचारलं, काकांनी मला विचारलं, आणि त्या ट्रेकमध्ये मला जी भेटली तिच्याबद्दल तुला माहितीच आहे, दीड वर्ष किती छान गेलं आमचं. काकांचं आडनाव मला तेव्हा माहिती नव्हतं बघ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये मांडलं होतं की नवीन बातमी, नवीन नोकरी आपल्याला सख्ख्या मित्रांपेक्षा अर्धवट ओळखीच्या लोकांकडून जास्त मिळते, कारण सख्खे मित्र त्याच त्याच लोकांना ओळखतात ज्यांना आपण ओळखतो. डेटिंगचं पण अगदी तसंच आहे असं मला वाटतं. आपण दोघं एकमेकांना काय नवीन ओळख करून देणार, तुझे सगळे माझे आणि माझे सगळे तुझे.

आता जे खरं सांगायचंय ते सांगतो, ते तुला आधी कधी बोललो नाही.

तिसऱ्या वर्षी अॅपवर एक भेटली होती, इथलीच, दहा मिनिटांवर राहणारी. पाच वेळा भेटलो. मजा यायची, ती हसायची मनमोकळं, पण माझं मन तेवढं लागलं नव्हतं आणि ते सांगायचं कसं हे कळेना. मग मी काय केलं तर मेसेजला उत्तर द्यायचं बंद केलं. एक दिवस, दोन दिवस, तिचे तीन मेसेज आले, शेवटचा होता "सगळं ठीक आहे ना?" तोही वाचून ठेवून दिला. मनाशी म्हणालो, कॅज्युअल तर होतं, एवढं काय. तीन आठवड्यांनी लायब्ररीत पुस्तकं परत करायच्या खिडकीपाशी रांगेत उभा होतो आणि पुढचं माणूस वळलं तर तीच. हातात दोन पुस्तकं छातीशी धरलेली. मला वाटलं आता ओरडेल किंवा तोंड फिरवेल. ती म्हणाली, "अरे, बरा आहेस ना तू? मला वाटलं तुला काहीतरी झालं. ज्या रात्री उत्तर आलं नाही ना, त्या रात्री मी हायवेवरच्या अॅक्सिडेंटच्या बातम्या बघत बसले होते."

मला काही बोलताच आलं नाही. मी नुसतं सॉरी म्हणालो, ती मान हलवून निघून गेली. नंतर दोन दिवसांनी मी तिला नीट मेसेज लिहिला, की माझं चुकलं, मला पुढे जायचं नव्हतं आणि ते सांगायची हिंमत झाली नाही. तिने उत्तर दिलं, "हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मला एक संध्याकाळ वाईट वाटलं असतं." बस, एवढंच. आता कधी दिसली तर आम्ही हसतो एकमेकांना, पण ती रांग मी विसरत नाही.

शहरात असं करून माणूस गर्दीत हरवून जातो. इथे हरवता येत नाही, इथे तोच रस्ता, तेच औषधाचं दुकान, तीच लायब्ररी. आणि मला आता वाटतं की ते बरंच आहे. पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच तू तोंडाने सांग की मी नुकताच मोठ्या नात्यातून बाहेर आलोय, लग्नाचा विचार आत्ता नाही, भेटायला आवडेल पण मी आणखी कोणाला भेटत असेन तर सांगेन. शब्द जड वाटतात पण दोन मिनिटं लागतात. काही जणी तिथेच नको म्हणतील, म्हणू देत, त्यांचे दोन महिने वाचले आणि तुझेही. आणि थांबायचं असेल तेव्हा दोन ओळी पाठव, आजच पाठव, उद्या नको.

जवळीक होण्याइतकं पुढे गेलं तर कंडोम आणि लैंगिक आजारांची टेस्ट या दोन्हीबद्दल आधी बोला. एका भेटीनंतर लगेच टेस्ट केली आणि निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, शरीरात इन्फेक्शन दिसायला वेळ लागतो, एचआयव्हीच्या लॅबमधल्या नवीन टेस्टला पण 18 ते 45 दिवस धरतात. डॉक्टरांना सरळ विचार. आणि प्रत्यक्ष भेटायच्या आधी एक व्हिडिओ कॉल, पहिली भेट चारचौघांत, कुठे जातोयस ते मला कळव. ती म्हणाली की मैत्रिणीला सांगून आलेय किंवा स्वतःच्या गाडीने येईन तर मनाला लावून घेऊ नकोस, तिला ते करावंच लागतं. व्हिडिओ कॉल टाळणारं आणि चार दिवसांत गुंतवणूक शिकवायला लागणारं माणूस असेल तर एक रुपया न देता ब्लॉक. रात्री एकटेपणात माणूस कशावरही विश्वास ठेवतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

एक अजून. तुला खरंच डेटच हवीये की रात्री जेवताना समोर कोणीतरी हवंय? रागावू नकोस. मला पहिल्या वर्षी दोन्हीतला फरक कळत नव्हता, आणि मी प्रत्येक नव्या माणसावर सगळ्या आठवड्याच्या एकटेपणाचं वजन टाकायचो, ते कोणाला झेपणार? मित्र झाले, रविवार भरला, मग डेटला जाताना हात रिकामे नव्हते माझे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी अंदाज काढलाय, ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तास एकत्र जावे लागतात, पक्का मित्र व्हायला 90, आणि अगदी जवळचा व्हायला 200 च्या वर. तुला तिथे जाऊन किती दिवस झाले? दोन महिने, आणि त्यातला सगळा वेळ खोके उघडण्यात. तुझे तर अजून दहा तास पण भरले नाहीत कोणाबरोबर.

तर आता असं कर, या रविवारी माझ्याकडे ये. शनिवारी रात्रीच ये, सकाळी सातला कोर्टवर जाऊ, काकांना परवाच सांगून ठेवलंय की एकजण वाढणार आहे आणि त्यांनी विचारलं, डावखुरा आहे का, त्यांना डावखुरा पार्टनर हवाय. मी हो म्हणून टाकलंय. रॅकेट माझ्याकडे जास्तीची आहे, फक्त न घसरणारे बूट आण. आणि प्रोफाइलसाठी नवीन फोटो मी काढतो, तो रेडिओ पण आण उघडलेला.

तुझाच