बंदर वगळून बंदराची सफर

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला 'बंदरनगरी मुंबई : एक दिवस पायी' हा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, त्याबद्दल अभिनंदन. आपल्या लेखकांनी गेटवे पाहिले, ताजला वळसा घातला, काळा घोड्याला कॉफी घेतली, एशियाटिकच्या पायऱ्यांवर विसावले आणि बॅलार्ड इस्टेटला पोचल्यावर 'इथे आपली सफर संपते' असे जाहीर केले. पंढरपूरला जाऊन चुरमुरे-बत्तासे घ्यावेत आणि विठोबाला न भेटता परतावे, तसे झाले हे.

आमचा नागपूरचा भाचा नेमका सुट्टीला आलेला. कात्रण खिशात घालून म्हणाला, ''मामा, चला.'' बॅलार्ड इस्टेटपर्यंत सगळे लेखाबरहुकूम. पुढे मीच त्याला पी. डि'मेलो रस्त्याने उत्तरेला नेले. उजव्या हाताला गोदीची भिंत. पदपथ आहे तिथे ट्रकचे टायर, नाही तिथे खुद्द ट्रक. ऑरेंज गेटपासून डोक्यावर मुक्त मार्गही आला. भाचा विचारतो, ''मामा, समुद्र कुठाय?'' समुद्र हाकेच्या अंतरावर, पण दाखवता येईना! गोदीत पासाशिवाय सोडत नाहीत, ते मान्य. पण भिंतीबाहेर उभे राहून सांगण्यासारखेही काही नाही, असे आपल्या लेखकांना वाटले?

याच भिंतीमागे, व्हिक्टोरिया गोदीत, 14 एप्रिल 1944 रोजी 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली. एकाच बोटीत कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. माझे वडील पुढे गोदीत टॅली क्लार्क म्हणून लागले, पण तेव्हा मांडवीत राहणारे शाळकरी पोर होते. दुपारी चारनंतर खिडकीच्या काचा घरात आल्या, अर्ध्या तासाने दुसरा धमाका झाला आणि आजी नेसत्या लुगड्यानिशी पोरांना घेऊन भायखळ्याकडे चालत सुटली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे कितीतरी जवान परतलेच नाहीत. आजही देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. लेखात याला एक ओळ नाही, कॅफेतल्या केकला मात्र स्वतंत्र चौकट! व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या गोद्या आता बुजवून टाकल्या आहेत. म्हणजे उद्या भिंत पाडली तरी दिसणार काही नाही. निदान छापून तरी ठेवा.

भाऊच्या धक्क्याचे तर नावही नाही. कोकणातल्या कितीतरी घरांचे मुंबईतले पहिले पाऊल तिथे पडले. 17 जुलै 1947 ला, गटारीच्या दिवशी, रेवसला निघालेली आणि वाटेतच बुडालेली 'रामदास' बोट तिथूनच सुटली होती. 1875 चे ससून डॉक तर गेटवेहून चालत जाण्यासारखे, तेही वगळले. मासळीच्या वासाची अडचण असेल तर तसे लिहावे, वाचक समजून घेतील. अर्थात पहाटेचा लिलाव बघायला लवकर उठावे लागते आणि आपली सफर 'न्याहारी आटोपून' सुरू होते.

जाता जाता आणखी एक. भाऊच्या धक्क्यावरून आम्ही उरणजवळच्या मोरा बंदराची लाँच पकडणार होतो. ओहोटीमुळे लाँच बंद. पूर्वी आपल्या अंकात भरती-ओहोटीच्या वेळा रोज येत. हल्ली त्या जागी राशीचा शुभ रंग येतो. माझा काल निळा होता, पण त्याने लाँच काही सुटली नाही. बंदरनगरीवर रंगीत दोन पाने खर्च करणाऱ्या दैनिकाला भरतीच्या वेळांसाठी दोन ओळी जड होऊ नयेत. त्या पुन्हा सुरू कराव्यात. उरणचे कितीतरी लोक लाँचसाठी धक्क्यावर ताटकळत बसलेले असतात. त्यांना तरी उपयोग होईल.

आपला,
एक जुना वाचक, माझगाव