जसपाल भट्टी यांनी आरसा आपल्यासमोरही धरला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२५ ऑक्टोबर हा दूरदर्शनवर गाजलेले विनोदकार जसपाल भट्टी यांचा स्मृतिदिन. २०१२ साली त्या पहाटे पंजाबात जालंधर जिल्ह्यातल्या शाहकोटजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघं ५७. दुसऱ्याच दिवशी त्यांचा ‘पॉवर कट’ हा पंजाबी चित्रपट प्रदर्शित व्हायचा होता आणि त्याच्याच प्रचारासाठी ते भटिंड्याहून जालंधरकडे निघाले होते. चित्रपटाचा विषय पंजाबातली वीजटंचाई. चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकल इंजिनीअर होऊन बाहेर पडलेल्या या माणसाने अखेरपर्यंत सामान्य माणसाच्या रोजच्या त्रासाचीच गोष्ट सांगितली. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. त्यानंतर मात्र त्यांचं नाव फारसं निघत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना १९८९ चा ‘फ्लॉप शो’ आठवत असेल. जेमतेम दहा भागांची मालिका. ना भपकेदार सेट, ना मोठे नट. भट्टी स्वतः, त्यांच्या पत्नी सविता आणि विवेक शौक यांच्यासारखे मोजके सहकारी. प्रत्येक भाग सुरुवातीला कुणाला तरी अर्पण केलेला असे आणि ती अर्पणपत्रिकाच चपराक असे. शेवटी एखाद्या लोकप्रिय सिनेगीताच्या चालीवर त्या भागातल्या लबाडीचं गाणं. श्रेयनामावलीत दिग्दर्शनाच्या जागी ‘मिसडायरेक्टेड बाय’ असं यायचं, तेव्हा आमच्या चाळीतली लहान मुलंसुद्धा टाळ्या पिटायची. त्याआधीची ‘उल्टा पुल्टा’ तर काही मिनिटांची चुटकी, पण तिची वाट पाहिली जायची.

मी तेव्हा नाशिकला एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होतो. वैद्यकीय बिलांवरचा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात कमालीची शांतता होती. कारण त्यात दाखवलेलं सगळं आमच्याकडे होत होतं. औषध दुकानदार न घेतलेल्या औषधांची पावती द्यायचा, कुणी तरी डॉक्टर त्यावर सही-शिक्का करायचा, बिल मंजूर करणाऱ्या टेबलाला त्याचा वाटा पोचायचा आणि उरलेल्या पैशांतून घरी मिक्सर यायचा. याच सुमारास एका शिपायाच्या पत्नीचं मोठं ऑपरेशन झालं होतं. खरं दुखणं, खऱ्या पावत्या. त्याचं बिल वेगवेगळ्या शेऱ्यांनी महिनोन्‌महिने परत येत राहिलं, कारण वाटा द्यायला त्याच्याकडे पैसेच नव्हते. खोट्या बिलांचा खरा भुर्दंड कुणाला पडतो हे मी तिथे पाहिलं. त्या भागावर आम्ही हसलो ते मान खाली घालून.

भट्टींचं मोठेपण मला इथे दिसतं. मंत्री, पुढारी, बडे ठेकेदार यांच्यावर हसायला सगळेच तयार असतात. भट्टींनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला घरकामाला जुंपणारा गाइड दाखवला, टक्केवारीत बुडालेलं बांधकाम दाखवलं, प्रमुख पाहुणा मिळवण्यासाठी चाललेली धावपळ दाखवली, बैठकीमागून बैठका घेणारे साहेब दाखवले. ही सगळी आपल्या गल्लीतली, आपल्या नात्यातली, आपल्याच पगारपत्रकावरची माणसं. पुष्कळदा त्या लबाडीत सामील होणारा माणूस भट्टी स्वतःच साकारायचे. त्यामुळे पाहणाऱ्याला ‘ते लोक’ असं म्हणून सुटता येत नसे.

आणि हे चाललं होतं कुठे? दूरदर्शनवर. प्रसार भारतीचा कायदा झाला १९९० मध्ये आणि तो अमलात यायला १९९७ उजाडलं. म्हणजे ‘फ्लॉप शो’च्या वेळी दूरदर्शन थेट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या हाताखाली होतं. सरकारी कार्यालयांची अब्रू सरकारच्याच वाहिनीवर, देशभर, घराघरांत निघत होती. बोफोर्सने राजकारण तापलेलं, लोकसभा निवडणुकीचं ते वर्ष. ज्या अधिकाऱ्यांनी ती मालिका चालू दिली, त्यांचंही मला कौतुक वाटतं.

त्या काळचा पंजाबही लक्षात घ्यायला हवा. दहशतवादाने होरपळलेला, रोज मृत्यूच्या बातम्या देणारा. भट्टींनी कॉलेजच्या दिवसांत उभा केलेला ‘नॉन्सेन्स क्लब’ चंदीगडच्या चौकांत पथनाट्यं करायचा. ‘ट्रिब्यून’मध्ये ते व्यंगचित्रंही काढत. देशात तेव्हा सरदारजींवरचे विनोद सर्रास चालत, बरेचसे हीन. अशा वेळी पगडी घातलेला हा माणूस पडद्यावर आला आणि त्याने सगळ्यांना व्यवस्थेवर हसायला लावलं. त्यांच्या मालिकेतलं हसू पगडीवर उभं नव्हतं, फायलींवर उभं होतं. एका समाजाची प्रतिमा बदलायला याची किती मदत झाली असेल, याचा कुणी तरी नीट अभ्यास करायला हवा.

राजकारणालाही त्यांनी सोडलं नाही. निवडणुका आल्या की ते नवा ‘पक्ष’ काढत. कधी हवाला पार्टी, कधी सूटकेस पार्टी, मंदीच्या दिवसांत रिसेशन पार्टी. २००९ मध्ये महागाई भडकली तेव्हा त्यांनी चंदीगडमध्ये जत्राच भरवली. रिंग फेकायची, ती ज्या वस्तूवर पडेल ती आपली. बक्षिसं म्हणून मांडलेली होती भाजी, डाळी आणि खाद्यतेल. एकही शिवी नाही, एकही दगड नाही, पण त्या जत्रेची बातमी देशभर गेली. आमच्या जिल्ह्यात कांदा पडला की शेतकरी रडतो आणि चढला की शहर. अशा प्रश्नावर दोघांनाही एकत्र हसवत विचार करायला लावील असा माणूस मला आज दिसत नाही.

तमाशाच्या वगात राजाच्या तोंडावर सुनावणाऱ्या सोंगाड्याला महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर घेतलं. त्याच महाराष्ट्रात, मुंबईत खारला, मार्च २०२५ मध्ये एका विनोदकाराने राजकीय नेत्यावर टीका केली म्हणून कार्यक्रमाच्या जागेची मोडतोड झाली. तो विनोद कुणाला आवडेल, कुणाला नाही. खुर्च्या फोडणं हे त्याचं उत्तर नव्हे, असं मी ठामपणे म्हणतो. मात्र आजच्या तरुण विनोदकारांनाही माझं एक सांगणं आहे. नेत्यांवर जरूर बोला, नाव घेऊन बोला. त्याबरोबर आमच्यावरही बोला. सोसायटीच्या पार्किंगवर, पैसे घेऊन भरल्या जाणाऱ्या शिक्षकांच्या जागांवर, लग्नातल्या मानपानावर, सेवा हमी कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी दाखल्यासाठी मारायला लागणाऱ्या चकरांवर. इथे श्रोता अस्वस्थ होतो, टाळ्या कमी पडतात, हे खरं. भट्टींनी ती जोखीम घेतली होती.

आपल्या वृत्तपत्रामार्फत दोन मागण्या मांडतो. पहिली, दूरदर्शनने ‘फ्लॉप शो’ चांगल्या प्रतीसह, मराठी उपशीर्षकं देऊन सह्याद्री वाहिनीवर पुन्हा दाखवावा, तोही रात्री उशिरा कुठे तरी न ढकलता घरातली सगळी मंडळी बसतात त्या वेळी. दुसरी, पुण्याच्या ‘यशदा’मध्ये राज्याचे अधिकारी-कर्मचारी प्रशिक्षणाला येतात. नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक तुकडीला तिथे वैद्यकीय बिलांचा, ठेकेदारांचा आणि बैठकीचा भाग दाखवावा आणि नंतर तासभर त्यावर मोकळी चर्चा ठेवावी. आचारसंहितेची पुस्तिका आम्हालाही मिळाली होती, तिच्यातली एक ओळ मला आठवत नाही. भट्टींचे प्रसंग छत्तीस वर्षांनंतरही जसेच्या तसे डोळ्यांपुढे आहेत. प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या वरिष्ठांपैकी कुणाच्या वाचनात हे पत्र आलं, तर त्यांनी याचा मनापासून विचार करावा ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शासकीय कर्मचारी, नाशिक