इन्सुलिन घरी कोण टोचणार?

महोदय,

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पैशाअभावी दुखणं अंगावर काढणारी माणसं ओपीडीत येऊ लागली, हे चांगलंच झालं. पण डॉक्टरांनी केसपेपरवर इन्सुलिन लिहिलं, की ते टोचायचं कसं हे शिकवायचं आम्हा परिचारिकांनी, आणि तेही रांग खोळंबलेली असताना, उभ्याउभ्या. मान डोलावतो आईला मोटरसायकलवर घेऊन आलेला मुलगा. घरी टोचणार असते सून, आणि ती त्या वेळी रानात खुरपत असते.

आमच्याकडची बाटली असते एका मिलिलिटरला 40 युनिटची. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. गावातल्या मेडिकलमधून नारिंगी टोपणाची, मिलिलिटरला 100 युनिटच्या औषधासाठीची आली आणि आम्ही सांगितल्याप्रमाणे सुनेनं 10 च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर अंगात जातात फक्त 4 युनिट. पुढच्या खेपेला साखर वाढलेली दिसते आणि 'पथ्य पाळत नाही' म्हणून बोलणी खाते ती म्हातारी. फ्रिज नाही त्यांना आम्ही बाटली मडक्यात ठेवायला सांगतो, ते निभतं. फ्रिजवाल्या घरात मात्र ती काळजीपोटी बर्फाच्या कप्प्यात जाते आणि गोठलेलं औषध फेकावं लागतं.

आशाताई आहेत ना, असं वरिष्ठ म्हणतात. आहेत, पण कुणाची सुई आज सुरू झाली, हे त्यांना कळवतं कोण? शिवाय दिवाळीनंतर टोळी ऊसतोडीला गेली, की पेशंट फडाजवळच्या कोपीवर (झोपडीत) आणि आशाताई गावात.

मग आम्ही स्वतःचा मोबाईल नंबर देतो. रात्री फोन येतो, "सिस्टर, आई जेवलीच नाही, सुई देऊ का?" डोस बदलायचा अधिकार आम्हाला नाही, तो नसावाही. पण अशा वेळी विचारायचं कुणाला, हे केसपेपरवर कुठंच नसतं.

ओपीडीच्या वेळेत शिकवणीसाठी एक परिचारिका मोकळी ठेवावी. तिच्या गळ्यात इंजेक्शन रूम आणि रजिस्टरं घालू नयेत. घरी जी टोचणार तिलाच बोलावून आमच्यासमोर एकदा तिच्या हातानं औषध भरून घ्यावं. तिचं नाव आणि रात्री विचारायचा नंबर केसपेपरवर असावा. आणि लाल टोपणाची सिरिंज बाटलीसोबत रुग्णालयातूनच मिळावी, मेडिकलची चिठ्ठी नको.

– ओपीडीतील एक परिचारिका, बीड जिल्हा
(कृपया नाव छापू नये.)