वाडीच्या पाटेवाल्या मिस्त्रीकाकांना अनावृत आभारपत्र

नागपूर

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर प्रणाम.

एप्रिलमधल्या एका दुपारी मी हातभर लांबीच्या पोलादी पाट्यांची, म्हणजे एकावर एक रचलेल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांची, जुडी घेऊन अमरावती मार्गावरच्या तुमच्या दुकानात आलो, तेव्हा ती कोणत्या गाडीची आहे असे तुम्ही विचारले होते. विमानाची, हे उत्तर ऐकल्यावर तुम्ही ट्रकखालून बाहेर आलात आणि जुडी उजेडात धरून प्रत्येक पाट्याच्या कडेवरून बोट फिरवलेत. त्या क्षणापासूनचे तुमचे ऋण आज जाहीरपणे मान्य करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

हिंगण्याजवळच्या शेडमध्ये मी दोन आसनांचे विमान बांधत आहे. त्याच्या शेपटीखालचे लहान चाक ज्या पाट्यांवर टेकते, ते पाटे पुढे एका बोल्टने आणि मागे एका पकडीने सांगाड्याला जखडलेले आहेत. मुरमाच्या पट्टीवर जमिनीवरच्या धावेचा सराव करताना एका वळणावर शेपूट बाजूला ओढली गेली, पाटे तिरके सरकले आणि सांगाड्याच्या पट्टीतले गोल छिद्र लांबट झाले. पाट्यांची छिद्रे मोठी करून जाड बोल्ट घालावा, असे मी ठरवले होते. एका वेल्डरने तर पाटे पकडीलाच टाके मारून जोडण्याचा सल्ला दिला होता.

तुम्ही दोन्ही गोष्टी थांबवल्यात. "पाट्याले आग दाखवली का त्याचं पाणी उतरते जी," हे तुमचे वाक्य मी कामाच्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आहे. तापवून, विझवून आणि पुन्हा बेताने तापवून स्प्रिंगच्या पोलादात जो चिवटपणा आणलेला असतो, तो वेल्डिंगच्या आचेने नेमका जोडापाशी, म्हणजे ताण सर्वांत जास्त असतो तिथेच, नाहीसा होतो. आणि छिद्र वाढवले की तिथले पोलाद कमी होऊन तड्याला वाट मिळते.

पण खरी शिकवण पुढे होती. मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी तुटलेले ट्रकचे पाटे समोर मांडून तुम्ही दाखवलेत की मोडण्याची जागा बोल्टची असली, तरी दोष पाट्यांना आसाशी आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या ढिलेपणाचा असतो. बोल्टने जागा धरायची असते आणि ओझे पकडीने पेलायचे असते. मी पकडीखाली रंगाचे जाड थर ठेवले होते. ते दबून विरले आणि पकड सैल पडली, त्यामुळे सगळा आडवा भार एकट्या बोल्टवर आला. शिवाय त्या बोल्टचे आटे छिद्राच्या आत येत होते आणि कानशीप्रमाणे पट्टी खात होते. हे तुम्ही पाहताक्षणी ओळखलेत, मला मात्र कित्येक आठवडे दिसले नव्हते.

आता सांगाड्याची पट्टी नवीन आहे, पकडीखालचा रंग खरवडून काढला आहे आणि ५/१६ इंचाच्या बोल्टचा गुळगुळीत भाग जोडाच्या पूर्ण जाडीतून जातो. त्याचा खाचांचा नट १०० ते १४० इंच-पौंड या मर्यादेत आवळून, तो फिरू नये म्हणून त्यातून स्प्लिट पिन घातली आहे. ट्रकचे यू बोल्ट पहिल्या भरल्या खेपेनंतर पुन्हा आवळावे लागतात, तसेच इथेही करा, असे तुम्ही बजावले होते. त्याप्रमाणे पहिल्या धावेनंतर पाना लावला, तेव्हा पकडीचे दोन्ही नट खरोखरच पाव फेरा आत गेले. तुमचे ऐकले नसते तर ती सैल पकड घेऊनच मी पुढच्या धावा केल्या असत्या, आणि माझ्या पाठीमागे पंधरा फुटांवर काय हलते आहे ते मला आसनावरून दिसलेही नसते.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी मिळेपर्यंत विमान जमिनीवरच राहील. नट आणि पट्टी यांवरून तुम्ही स्वतःच्या हाताने ओढलेली, नट जरा जरी फिरला तरी तुटणारी लाल रेघ मी प्रत्येक धावेनंतर बॅटरी लावून पाहतो. गेल्या रविवारी अकरा फेऱ्या झाल्या, त्यांत डावी-उजवी वळणेही होती. रेघ सलग आहे.

आपला कृतज्ञ,
हिंगण्याचा विमानवाला