बडीच्या निरोपाच्या वहीसाठी आठवणी पाठवा

नमस्कार मंडळी,

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलपटू लान्स फ्रँकलिनने, आपल्या बडीने, ३१ जुलै २०२३ ला निवृत्ती जाहीर केली. पोटरीच्या दुखापतीने अखेर त्याला थांबवलं. ३५४ सामने, १०६६ गोल. आधी हॉथॉर्न क्लबकडून २००८ आणि २०१३ ची विजेतेपदं, आणि २०१४ पासून आपल्या सिडनी स्वान्स क्लबची २३ नंबरची जर्सी.

गटातर्फे एक वही करून क्लबकडे द्यायची ठरली आहे. येत्या रविवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने चार-पाच ओळी आणि एक फोटो पाठवावा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, खाली इंग्रजी भाषांतर आम्ही जोडू. लहान मुलांची चित्रं तर हवीच आहेत.

२५ मार्च २०२२ च्या रात्री जे सिडनी क्रिकेट ग्राउंडवर होते, त्यांनी जरा सविस्तर लिहा. त्याच्या डाव्या पायातून हजारावा गोल गेला आणि हजारो माणसं कुंपण ओलांडून मैदानात धावली, खेळ कितीतरी वेळ थांबला! सचिनने २००४ मध्ये नाबाद २४१ केल्या तेच हे मैदान. पण असं दृश्य तिथे पुन्हा दिसेल असं मला वाटत नाही.

फोटो कृपया मूळ आकारातच पाठवा, नाहीतर छापताना धूसर होतात. सोबत तारीख आणि समोरचा संघही लिहा.